एक्सपीवर राहून गेलेली मराठी

महाराष्ट्रातल्या जुन्या डीटीपी कार्यालयांत एक मशीन बहुधा कोपऱ्यात वेगळं ठेवलेलं असतं. त्याला इंटरनेट जोडलेलं नसतं. त्यावर विंडोज एक्सपी असते, क्वचित विंडोज ९८. पानं लावायचा पेजमेकर असतो, आणि मागच्या बाजूला प्रिंटरच्या पोर्टात बोटभर लांबीचं प्लॅस्टिकचं लॉक खोचलेलं असतं. रोजचं काम शेजारच्या नव्या मशीनवर चालतं. पण वीस वर्षांपूर्वी लावलेल्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची म्हटली की ऑपरेटरला त्या कोपऱ्यातच जावं लागतं, कारण ती फाइल फक्त तिथेच मराठी दिसते.

तीच फाइल नव्या मशीनवर उघडली तर पानभर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी समोर येते. कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेल्या ‘मराठी’ या शब्दावरून फॉन्ट काढून घेतला की ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच अशी पाच इंग्रजी अक्षरं उरतात. श्रीलिपीच्या देवनागरी फॉन्टांत ‘म’ अंडरस्कोरच्या जागी बसवलेला आहे, त्यामुळे तिथला ‘महाराष्ट्र’ एका आडव्या रेघेने सुरू होतो. फाइल खराब झालेली नसते. ती जशी साठवली तशीच आहे. बदललं आहे ते तिच्या भोवतालचं सगळं: ऑपरेटिंग सिस्टिम, फॉन्ट, लॉक, पेजमेकर.

जुनी सॉफ्टवेअर नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर का चालत नाहीत, हा प्रश्न जगभर प्रोग्रामांच्या संदर्भात विचारला जातो. गेम चालत नाही, हिशेबाचं पॅकेज उघडत नाही, प्रिंटर ओळखला जात नाही. मराठीत हा प्रश्न थेट मजकुरावर येऊन आदळला. साधारण १९९० ते २०१० या वीस वर्षांत संगणकावर जुळवलेली मराठी पुस्तकं, दिवाळी अंक, प्रबंध, स्मरणिका आणि शासकीय कागद यांचा फार मोठा भाग ज्या सिस्टिमवर तयार झाला त्या सिस्टिमशी बांधला गेला. हे कसं घडलं, ते समजून घ्यायला थेट डॉसच्या काळात जावं लागतं. आणि तिथे एक अनपेक्षित गोष्ट दिसते: डॉसवरच्या मराठीचं भविष्य नंतरच्या विंडोजवरच्या मराठीपेक्षा जास्त सुरक्षित होतं.

१९८० च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांसाठी एक तंत्र विकसित झालं. ‘जिस्ट’ या नावाने ते पुढे ओळखलं गेलं. मोहन तांबे हे त्यामागचं प्रमुख नाव. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेची स्थापना झाली आणि जिस्टचं काम तिथे आलं. जिस्ट कार्ड हे संगणकाच्या आतल्या खाचेत बसवायचं हार्डवेअर होतं. डॉसचा पडदा म्हणजे ऐंशी स्तंभ आणि पंचवीस ओळींची जाळी. प्रत्येक घरात एक रोमन अक्षर. जिस्ट कार्ड त्या पडद्यावर जाणारा मजकूर वाटेतच अडवायचं आणि देवनागरीची जोडाक्षरं स्वतः रेखाटायचं. त्यामुळे वर्डस्टार किंवा डीबेस यांसारखे प्रोग्राम, ज्यांना मराठीचा गंधही नव्हता, ते मराठीत चालू लागले.

त्या कार्डापेक्षाही महत्त्वाची होती ती मागची संकेतप्रणाली. तिचं नाव ‘इस्की’. भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये तिला आयएस १३१९४ या क्रमांकाने मानक म्हणून प्रसिद्ध केलं. इस्कीने पडद्यावरच्या आकारांना क्रमांक दिले नाहीत. तिने अक्षरांना क्रमांक दिले. ‘क’ला एक, ‘इ’च्या वेलांटीला एक, हलन्ताला एक. ‘कि’ साठवताना आधी ‘क’ आणि मग वेलांटी, उच्चाराच्या क्रमाने. वेलांटी पडद्यावर ‘क’च्या डावीकडे काढायची, हे काम कार्डाचं. सर्व भारतीय लिप्यांना तेच क्रमांक असल्यामुळे देवनागरीत टाइप केलेलं नाव कळ दाबून तेलुगू लिपीत पाहता येत असे. १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभागाने मान्य केलेला इनस्क्रिप्ट कीबोर्डही याच विचारातून आलेला.

तिकडे अमेरिकेत जगातल्या सगळ्या लिप्यांसाठीच्या ‘युनिकोड’ या संकेतप्रणालीची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मध्ये आली. तिने देवनागरीसाठी इस्कीचाच १९८८ चा आराखडा पायाला घेतला. म्हणून डॉसच्या काळात इस्कीत साठवलेला मजकूर आज युनिकोडमध्ये आणणं सोपं आहे. जवळजवळ एकास एक अशी अदलाबदल करायची, बस. जिस्ट कार्ड ज्या आयएसए खाचेत बसायचं ती खाच नव्या संगणकांतून गेली आणि कार्ड निकामी झालं. मजकूर मात्र टिकला, कारण तो कार्डावर अवलंबून नव्हता. त्याची संकेतप्रणाली जाहीर आणि छापील स्वरूपात उपलब्ध होती.

मग विंडोज आली. एप्रिल १९९२ मधल्या विंडोज ३.१ ने ट्रूटाइप फॉन्ट आणले. पडद्यावर दिसेल तसंच छापून येणं त्यामुळे स्वस्त झालं. अक्षर-जुळणीच्या धंद्यात याने उलथापालथ केली. निर्णयसागर छापखान्याच्या काळापासून चालत आलेले खिळ्यांचे खाने, जोडाक्षरांसाठीचे शेकडो वेगळे खिळे, ते वेचून ओळी बांधणारे जुळारी, हे सगळं काही वर्षांत मागे पडलं. त्या जागी एक संगणक, लेझर प्रिंटर, बटर पेपर आणि पेजमेकर आला. आल्डस कंपनीने १९८५ मध्ये काढलेला पेजमेकर १९९४ मध्ये अडोबीकडे गेला, आणि मराठी मुद्रणव्यवसायात ‘पेजमेकर येतं का?’ हा नोकरीच्या मुलाखतीतला पहिला प्रश्न झाला.

अडचण एकच होती. त्या काळातल्या विंडोजला देवनागरी कशी लिहितात हे ठाऊक नव्हतं. तिला इतकंच कळत होतं, की एका बाइटला एक आकार, डावीकडून उजवीकडे. बाइटला मूल्यं २५६. त्यांतली काही नियंत्रणासाठी राखलेली, म्हणजे प्रत्यक्ष वापराला दोनशेच्या आसपास जागा. भारतीय फॉन्टकारांनी यातून वाट काढली. रोमन ‘ए’, ‘बी’, ‘सी’च्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले. अर्धी अक्षरं, काना, मात्रा, रफार, उकार. विंडोजला वाटायचं की आपण इंग्रजी मजकूर काढतो आहोत. डोळ्यांना मराठी दिसायची.

यामागचं कौशल्य मान्य करायला हवं. दोनशे खान्यांत देवनागरीची सगळी जोडाक्षरं निभावणं हे खिळे ओतणाऱ्या जुन्या कारागिरांच्या तोलाचं काम होतं. कृतिदेवमध्ये ‘भ’ला स्वतंत्र जागाच नाही. अर्धा ‘भ्’ आणि काना, असे दोन तुकडे जोडून तो तयार होतो. वेलांटी दिसते डावीकडे, म्हणून ती आधी टाइप करायची. रफार वर उजवीकडे, म्हणून तो नंतर. टायपरायटरवर मराठी शिकलेल्यांना हे सवयीचंच होतं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, आकृती, एपीएस, शिवाजी, कृतिदेव अशी पॅकेजं आणि फॉन्ट बाजारात आले. सी-डॅकच्या ‘सुरेख’ आणि ‘योगेश’ या वळणांनी तर शासकीय कागदाला त्याचा ओळखीचा चेहरा दिला.

मात्र संगणकाच्या दृष्टीने ती मराठी नव्हतीच. ‘हिंदी’, ‘किल्ला’, ‘पिंपळ’ या तिन्ही शब्दांचा पहिला बाइट वेलांटीचा, म्हणून अकारविल्हे लावताना तिन्ही शब्द एकाच ठिकाणी गोळा होत. शब्द शोधायचा तर त्याचे तुकडे ज्या क्रमाने टाइप झाले तोच क्रम हवा. वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करण्याची वर्डची सोय बंद करायची राहिली, तर कृतिदेवमधला पूर्ण ‘म’ अर्धा ‘म्’ होऊन बसे. त्यात प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा. श्रीलिपीत टाइप केलेला लेख आयएसएम असलेल्या छापखान्यात वाचता येत नसे. एकाच कंपनीच्या दोन फॉन्टमालिकांतही कधी तक्ता बदललेला असे. लेखक, प्रकाशक आणि मुद्रक या तिघांकडे एकच पॅकेज असणं ही कामाची पूर्वअट झाली. या पॅकेजांची बेकायदा नक्कल होऊ नये म्हणून प्रत्येकाबरोबर एक लॉक येई. ते पॅरलल पोर्टात लावल्याशिवाय प्रोग्राम उघडत नसे.

हे सगळं बरीच वर्षं सुरळीत चाललं. त्याचं एक कारण म्हणजे जुने प्रोग्राम बंद पडू नयेत म्हणून मायक्रोसॉफ्टने घेतलेले असाधारण कष्ट.

विंडोज ९५ ची चाचणी सुरू असताना सिमसिटी हा लोकप्रिय खेळ तिच्यावर बंद पडत असल्याचं आढळलं. चूक खेळाची होती. मेमरीचा तुकडा परत केल्यावरही तो खेळ त्याच तुकड्यातून वाचत असे. जुन्या विंडोजवर तो तुकडा लगेच दुसऱ्या कुणाला दिला जात नसल्याने ही चूक कुणाच्या लक्षातच आली नव्हती. मायक्रोसॉफ्टने खेळ दुरुस्त करायला सांगण्याऐवजी विंडोज ९५ मध्येच तपासणी घातली: सिमसिटी चालू असेल तर मेमरी लगेच मोकळी करू नये. दुसरं उदाहरण आवृत्तीच्या क्रमांकाचं. पुष्कळ प्रोग्राम ‘३.१० किंवा पुढची विंडोज आहे का’ हे पाहताना पूर्णांक आणि दशांश वेगवेगळे तपासत, ४.० मधलं शून्य दहापेक्षा लहान ठरे आणि प्रोग्राम चालायला नकार देई. म्हणून विंडोज ९५ जुन्या १६-बिट प्रोग्रामना आपला क्रमांक ३.९५ असा सांगे. हाच सावधपणा पुढेही टिकला. २००९ ची विंडोज ७ आतून स्वतःला ६.१ म्हणवते.

अशा काळजीमुळे मराठी पॅकेजंही विंडोज ३.१ वरून ९५ वर, ९५ वरून ९८ वर आणि तिथून एक्सपीवर फारशी तक्रार न करता आली. धंद्यात निश्चिंती आली. पण मायक्रोसॉफ्टने राखलेला शब्द प्रोग्राम चालवण्यापुरता होता. रोमन अक्षरांच्या वेशातली मराठी वाचता राहील, अशी हमी कुणीच दिलेली नव्हती, आणि देऊही शकत नव्हतं.

खरी मराठी विंडोजमध्ये आली ती फेब्रुवारी २००० मधल्या विंडोज २००० बरोबर. देवनागरीची जोडाक्षरं लावणारं ‘युनिस्क्राइब’ नावाचं यंत्र या सिस्टिमच्या पोटातच होतं, आणि सोबत ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट होता. मंगलचे आरेखक होते र. कृ. जोशी, मराठीतले कवी आणि सुलेखनकार. जगभरच्या लाखो पडद्यांवर देवनागरीचा पहिला युनिकोड चेहरा एका मराठी माणसाच्या हातचा होता, याचा अभिमान मराठी वाचकाने जरूर बाळगावा.

विंडोज २००० मुख्यतः कार्यालयांसाठी होती. घराघरांत युनिकोड पोचवणारी सिस्टिम ऑक्टोबर २००१ मधली एक्सपी. पण तिच्यात भारतीय लिप्यांची सोय मिटवून ठेवलेली होती. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन भाषांच्या पानावर एका चौकटीत खूण करायची, मग संगणक विंडोजची मूळ सीडी मागायचा. ज्यांच्याकडे सीडी नव्हती ते तिथेच अडले. खूण न केलेल्या एक्सपीवर युनिकोड मराठी दिसायची ती मोडकी. वेलांटी चुकीच्या बाजूला, जोडाक्षरांऐवजी पाय मोडलेली अक्षरं. ‘युनिकोडमध्ये मराठी नीट दिसत नाही’ हा समज त्या चौकटीने रुजवला, आणि तो पुढे कित्येक वर्षं निघाला नाही. २००७ मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टात ही सोय आधीपासूनच चालू होती. तोवर डीटीपीवाल्यांचं मत बनून गेलं होतं.

जुन्या फॉन्टांना चिकटून राहण्याचा त्यांचा हट्ट मात्र निराधार नव्हता. पेजमेकरला युनिकोड येतच नव्हतं. जुळणीचा सगळा धंदा ज्या प्रोग्रामवर उभा, त्यात नवी मराठी शिरू शकत नव्हती. त्यामुळे एकाच काळात दोन मराठी शेजारी शेजारी नांदू लागल्या. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला तो युनिकोडमध्ये. त्याच दिवसांत छापखान्यात जाणारं जवळजवळ प्रत्येक पान जुन्या फॉन्टात होतं. लेखकाने युनिकोडमध्ये पाठवलेला लेख ऑपरेटर जुन्या फॉन्टात पुन्हा टाइप करी. छापून आलेला लेख संकेतस्थळावर टाकायचा झाला की तो पुन्हा युनिकोडमध्ये टाइप केला जाई.

वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांचीही तीच गत होती. प्रत्येक वृत्तपत्राचा फॉन्ट वेगळा. वाचकाने तो आधी उतरवून घ्यायचा, नाहीतर पानावर रोमन खिचडी. काही ठिकाणी फॉन्ट पानाबरोबर आपोआप येई, पण त्याची पद्धत नेटस्केपसाठी वेगळी आणि इंटरनेट एक्सप्लोररसाठी वेगळी. शोधयंत्रांना त्या पानांवर मराठीचा मागमूसही लागत नव्हता. फायरफॉक्ससाठी ‘पद्मा’ नावाचं एक जोडसॉफ्टवेअर निघालं होतं. ते अशी पानं वाचताना तिथल्या तिथे युनिकोडमध्ये बदलून दाखवी. पण नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सने आपली घडण बदलली आणि जुन्या पद्धतीची सगळी जोडसॉफ्टवेअर एका दिवसात बंद झाली. जुनी मराठी वाचून दाखवणारं साधनच नव्या आवृत्तीने कालबाह्य केलं.

पेजमेकरचं शेवटचं मोठं रूप, ७.०, २००१ मध्ये आलं. २००४ मध्ये अडोबीने त्याचा पुढचा विकास थांबवला आणि आपल्याच इनडिझाइन या प्रोग्रामकडे बोट दाखवलं. मराठी छापखाने एक्सपीवर पेजमेकर चालवत राहिले. मग ६४-बिट संगणक आले, आणि एका वेळी अनेक दोर तुटले.

पहिला दोर १६-बिट प्रोग्रामांचा. डॉसचे प्रोग्राम विंडोजवर चालायचे ते प्रोसेसरमधल्या एका खास सोयीच्या आधारे. प्रोसेसर ६४-बिट पद्धतीने चालू लागला की ती सोय उपलब्ध राहत नाही. मायक्रोसॉफ्टनेही ६४-बिट विंडोजमधून १६-बिट प्रोग्रामांचा आधार काढून टाकला. काही पॅकेजं स्वतः ३२-बिट होती, पण त्यांचा इन्स्टॉलर १६-बिट राहून गेला होता. ती चालू शकली असती, पण बसवताच येईनात.

दुसरा दोर लॉकचा. लॉकशी बोलायला ड्रायव्हर लागतो, आणि ६४-बिट व्हिस्टापासून डिजिटल स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर विंडोज आत घेत नाही. शिवाय लॅपटॉपवरून आणि मग टेबलावरच्या संगणकांवरूनही पॅरलल पोर्ट गेलं. रोख पैसे देऊन घेतलेलं, कायदेशीर, हातात धरलेलं लॉक लावायला जागाच उरली नाही. कंपन्यांनी यूएसबी लॉक काढली. ज्यांनी नवं पॅकेज विकत घेतलं नाही ते मागे राहिले.

तिसरा दोर परवानग्यांचा. जुने प्रोग्राम आपली माहिती थेट आपल्याच फोल्डरमध्ये लिहीत. व्हिस्टाने सुरक्षेसाठी ते अडवलं आणि असं लिखाण गुपचूप दुसऱ्या फोल्डरकडे वळवलं. ऑपरेटरने वर्षानुवर्षं जमवलेली सेटिंग्ज त्यामुळे एका वापरकर्त्याला दिसत, दुसऱ्याला दिसत नसत.

८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने एक्सपीची मदत थांबवली. डीटीपी कार्यालयांतलं ते मशीन कोपऱ्यात गेलं ते साधारण तेव्हापासून.

या सगळ्यात एक दार काही काळ उघडं होतं. इनडिझाइनची २०१२ मधली सीएस६ ही आवृत्ती मराठीसह दहा भारतीय भाषांची युनिकोड जुळणी अधिकृतपणे करू लागली. आणि पेजमेकरच्या फाइली थेट उघडू शकणारी इनडिझाइनची शेवटची आवृत्तीही सीएस६ हीच. तिच्या पुढच्या आवृत्तीने पेजमेकरशी नातं तोडलं. जुनं पान उघडून त्यातला मजकूर नव्या मराठीत बसवण्याचं काम एकाच प्रोग्राममध्ये करता येईल, अशी ती एकमेव आवृत्ती होती. मराठी प्रकाशनसंस्थांनी तेव्हा एकत्र येऊन आपले संग्रह त्या दारातून नेले असते, तर आजचं निम्मं काम उरलं नसतं.

मॅकवर काम करणाऱ्यांचा अनुभव आणखी कठोर होता. ॲपल जुन्यासाठी पूल बांधते, पण तो काही वर्षांनी काढूनही घेते. २००१ मध्ये मॅक ओएस एक्स आली तेव्हा जुने प्रोग्राम चालवण्यासाठी ‘क्लासिक’ नावाची सोय होती. ती २००७ च्या लेपर्डमध्ये गेली. २००६ मध्ये इंटेलचे प्रोसेसर आले तेव्हा ‘रोझेटा’ आली. २०११ च्या लायनमध्ये तीही गेली. २०१९ च्या कॅटालिनाने ३२-बिट प्रोग्राम पूर्ण बंद केले. पेजमेकर ओएस एक्ससाठी कधी आलाच नाही. तो ‘क्लासिक’पुरता जगला.

युनिकोड आल्यावर प्रश्न संपला, असंही म्हणता येत नाही. युनिकोडही वाढतं आहे, आणि जुनी सिस्टिम नवं अक्षर ओळखत नाही. ‘ॲप’मधला ‘ॲ’ हे मराठीचं खास अक्षर युनिकोडमध्ये आलं ते २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी लोक ‘अ’ टाइप करून त्यावर चंद्र देत. दोन्ही रूपं डोळ्यांना सारखीच दिसतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. म्हणून २००५ च्या फाइलीत ‘ॲल्युमिनियम’ शोधला तर सापडत नाही, आणि नव्या पद्धतीने लिहिलेला ‘ॲ’ एक्सपीवर रिकामा चौकोन होऊन बसतो. ‘वाऱ्या’, ‘दऱ्या’ यांतला अर्धा ‘ऱ’ही दोन तऱ्हांनी साठवला गेला आहे, म्हणून तिथेही शोध फसतो.

रुपयाच्या चिन्हाने तर जुना इतिहास पुन्हा घडवला. सरकारने ते १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलं. युनिकोडमध्ये ते ऑक्टोबरमध्ये आलं. मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये व्हिस्टा आणि विंडोज ७ साठी अद्यतन दिलं. पण लोकांना इतकी वाट पाहायची नव्हती. फोरेडियन या भारतीय कंपनीने काढलेल्या एका मोफत फॉन्टात हे चिन्ह कीबोर्डाच्या डाव्या कोपऱ्यातल्या तिरप्या टिंबाच्या जागी बसवलेलं होतं, आणि तो फॉन्ट झपाट्याने पसरला. ज्याच्या संगणकावर तो नव्हता त्याला रकमेच्या आधी फक्त एक तिरपं टिंब दिसे. त्या काळच्या कागदपत्रांत ते आजही सापडतं.

फॉन्टांची ये-जाही थांबलेली नाही. २०१२ च्या विंडोज ८ ने ‘निर्मला’ हा फॉन्ट आणला. २०१५ च्या विंडोज १० मध्ये तर ‘मंगल’ आपोआप येईनासा झाला. तो वेगळा मागवून घ्यावा लागतो. मंगलमध्ये लावलेला दस्तऐवज तशा मशीनवर उघडला तर मजकूर वाचता येतो, पण ओळी बदलतात, पानं सरकतात, अनुक्रमणिका चुकते. जानेवारी २०२३ मध्ये अडोबीने टाइप-१ या जुन्या प्रकारच्या फॉन्टांचा आधार बंद केला, आणि ते वापरून लावलेली पानं नव्या इनडिझाइनमध्ये फॉन्टाविना उघडू लागली.

मग आता करायचं काय? जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर उपलब्ध आहेत. काही पॅकेजांबरोबर येतात, काही मोफत मिळतात. त्यांच्या मर्यादा मात्र माहीत असायला हव्यात. जुन्या फॉन्टात मराठी आणि इंग्रजी यांचे संकेत एकच असतात. फॉन्टाचं नाव एवढाच काय तो फरक. साधा मजकूर कन्व्हर्टरला दिला की मधले इंग्रजी शब्दही देवनागरी होऊन बाहेर येतात. रफार एक अक्षर पुढेमागे होतो. ‘ऱ्य’, ‘श्र’, ‘द्य’ यांच्यात गफलती निघतात. म्हणून कन्व्हर्ट केलेलं पान छापील पानाशी ताडून पाहणारं माणूस लागतंच. ‘आमच्याकडे पीडीएफ आहे’ यावरही विसंबून चालत नाही. जुन्या फॉन्टातली पीडीएफ दिसते मराठी, पण तिच्यातून मजकूर उचलला की तीच रोमन खिचडी हाती येते, आणि शोधही लागत नाही.

हे काम करू शकणारी माणसं अजून आहेत. कोणत्या फॉन्टात कोणता तुकडा कोणत्या कळीवर होता हे बोटांना पाठ असलेले ऑपरेटर आहेत. फाइलीचं नाव वाचून ती कोणत्या पॅकेजची हे ओळखणारे मुद्रक आहेत. त्यांच्या हाताशी अजून चालू असलेली मशीनं आहेत. पण जुनी हार्ड डिस्क कधीही बसते, सीडी वाचली जाईनाशी होते, आणि लॉक हरवलं तर दुसरं मिळत नाही. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेली विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे. ३२-बिट रूपात मिळणारी शेवटची विंडोज १०, आणि तिची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली.

प्रकाशकांनी, नियतकालिकांच्या संपादकांनी, विद्यापीठांच्या मराठी विभागांनी आणि ग्रंथालयांनी आपापल्या कपाटातल्या सीडी, फ्लॉपी आणि हार्ड डिस्क आता बाहेर काढाव्यात. कोणत्या फाइलीला कोणता फॉन्ट लागतो याची यादी करावी, फॉन्ट आणि कन्व्हर्टरसुद्धा फाइलींबरोबरच जपून ठेवावेत, आणि कोपऱ्यातलं ते मशीन सुरू होतं आहे तोवर एकेक पुस्तक युनिकोडमध्ये आणून छापील प्रतीशी ताडून घ्यावं. सुरुवात ज्या पुस्तकांच्या छापील प्रती आता दुर्मिळ झाल्या आहेत त्यांच्यापासून करावी.